सेव्हन सामुराई (चित्रपट)

सेव्हन सामुराई (मूळ जपानी शीर्षक: शिचिनिन नो सामुराई, अर्थ: सात सामुराई) हा अकिरा कुरोसावा यांनी दिग्दर्शित केलेला १९५४ सालचा जपानी कृष्णधवल चित्रपट आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक गरीब खेडे, त्यावर चालून येणारी दरोडेखोरांची घोडेस्वार टोळी आणि केवळ दोन वेळच्या भाताच्या मोबदल्यात त्या खेड्याचे रक्षण करण्यास तयार झालेले सात योद्धे अशी त्याची कथा आहे. तोहो या कंपनीने निर्मिलेला हा चित्रपट २६ एप्रिल १९५४ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. मूळ आवृत्तीची लांबी २०७ मिनिटे असून तीत मध्यंतर आहे.

साहसपट, युद्धपट आणि पुढील काळात अतिमानवी नायकांचे चित्रपट या तिन्ही प्रकारांवर या चित्रपटाचा प्रभाव मानला जातो. निरनिराळ्या स्वभावांची व कौशल्यांची माणसे एकेक करून जमवणे, त्यांचा संघ बांधणे आणि मग त्या संघाला अशक्यप्राय वाटणाऱ्या लढाईत उतरवणे ही आज परिचित असलेली मांडणी याच चित्रपटामुळे रूढ झाली. मात्र सेव्हन सामुराईला केवळ साहसपट म्हणणे अपुरे ठरते. लढणारे आणि ज्यांच्यासाठी लढले जाते ते, यांच्यातील परस्पर अविश्वास हा या चित्रपटाचा खरा विषय आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कथानक सेंगोकु कालखंडाच्या अखेरीस घडते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे शंभर वर्षे जपानमध्ये सरदारांची आपापसांत युद्धे चालू होती. पराभूत किंवा निर्वंश झालेल्या सरदारांच्या पदरचे योद्धे निराधार होत. अशा धनीविरहित सामुराईंना रोनिन म्हणतात. त्यांच्यापैकी काही नव्या चाकरीच्या शोधात भटकत, तर काही थेट लुटारू बनत. मराठी वाचकाला येथे अठराव्या शतकाच्या अखेरच्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या पेंढाऱ्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. राज्यव्यवस्था खिळखिळी झाली की शस्त्रधारी माणसे रयतेवर कशी उलटतात, याचीच ती दोन उदाहरणे होत.

चित्रपटातील काळ एका विनोदी प्रसंगातून निश्चित करता येतो. किकुचियो हा स्वयंघोषित सामुराई आपले कुलीनत्व सिद्ध करण्यासाठी एक वंशावळ दाखवतो. तीत नोंदवलेल्या जन्मवर्षानुसार ती ज्याची आहे तो मुलगा जेमतेम तेरा वर्षांचा असायला हवा, हे काम्बेईच्या ध्यानात येते आणि सगळे हसू लागतात. ते जन्मवर्ष १५७४ असल्याने कथा १५८६च्या सुमारास घडते असे मानतात. त्यानंतर लवकरच, १५८८मध्ये, तोयोतोमी हिदेयोशी याने शेतकऱ्यांकडील शस्त्रे जप्त करण्याचा हुकूम काढला. शेतकरी आणि योद्धा हे दोन वर्ग त्यामुळे कायमचे वेगळे झाले. चित्रपटातील गावकरी हातात भाले घेऊन सामुराईंच्या खांद्याला खांदा लावून लढतात तो काळ, या अर्थाने, संपत आलेला काळ आहे.

दरोडेखोरांकडे तीन तोड्याच्या बंदुका आहेत. १५४३मध्ये तानेगाशिमा बेटावर आलेल्या पोर्तुगीजांमार्फत हे शस्त्र जपानमध्ये पोहोचले आणि काही दशकांतच तेथील युद्धपद्धती बदलून गेली. पटकथेत बंदुकांना दिलेले स्थान पुढे स्पष्ट होईल.

कथानक

डोंगरावरून गाव न्याहाळणारे दरोडेखोर जवाचे पीक हाती आल्यावर लूट करायचे ठरवतात. मागील हंगामातच त्यांनी येथील तांदूळ नेलेला असतो. हे बोलणे एका गावकऱ्याच्या कानी पडते. गाव हवालदिल होते. काहींना शरण जावेसे वाटते, तर रिकिची हा तरुण शेतकरी लढण्याचा आग्रह धरतो. गिरणीत राहणारा वृद्ध गिसाकु भुकेले सामुराई शोधून आणण्याचा सल्ला देतो.

शहरात गेलेल्या चौघा शेतकऱ्यांना आधी अपमानच सोसावा लागतो. पुढे एका चोराने ओलीस धरलेल्या बालकाची सुटका करण्यासाठी स्वतःचे केस उतरवून भिक्षूचा वेष घेणारा प्रौढ योद्धा त्यांच्या दृष्टीस पडतो. तो काम्बेई शिमादा. सामुराईच्या दृष्टीने केसांची शेंडी ही प्रतिष्ठेची खूण होती. ती त्याने एका अनोळखी मुलासाठी सहज उतरवली, यातच पुढील तीन तासांचे बीज आहे. काम्बेई प्रथम नकार देतो. परंतु स्वतः निकृष्ट भरड धान्य खाऊन हे शेतकरी आपल्यापुढे भात ठेवत आहेत, हे कळल्यावर तो राजी होतो.

यानंतर योद्ध्यांची निवड होते. काम्बेई दाराआड एका तरुणाला दंडुका घेऊन उभा करतो आणि येणाऱ्याची सावधगिरी पारखतो. गोरोबेई उंबरठ्यावरच थबकतो आणि हसून ही चेष्टा असल्याचे ओळखतो. शिचिरोजी हा काम्बेईचा जुना लढाईतला सोबती. हेइहाची लाकडे फोडताना सापडतो. त्याची तलवारबाजी सामान्य असली तरी कठीण प्रसंगी माणसांचे मन राखण्याचे कौशल्य त्याच्याकडे आहे. क्युझो हा मितभाषी, निष्णात तलवारबहाद्दर आहे. कात्सुशिरो हा सधन घरातील अननुभवी तरुण शिष्यत्व मागतो. सातवा किकुचियो कोणी न बोलावता मागोमाग येतो.

गावात त्यांच्या स्वागताला कोणीही बाहेर येत नाही. सामुराईंच्या भीतीने मान्झो या शेतकऱ्याने आपली मुलगी शिनो हिचे केस कापून तिला मुलाचा वेष दिलेला असतो. किकुचियो धोक्याची सूचना देणारी लाकडी फळी बडवतो तेव्हा मात्र तेच गावकरी जीव मुठीत धरून सामुराईंच्या पायांशी धावत येतात.

चित्रपटाचा नैतिक मध्यबिंदू गावात लपवलेली चिलखते सापडतात त्या प्रसंगात आहे. पराभूत होऊन पळणाऱ्या सामुराईंना ठार मारून शेतकऱ्यांनी ती मिळवलेली असतात. सामुराई संतापाने स्तब्ध होतात. त्यावेळी किकुचियो उसळून बोलतो: शेतकरी कंजूष, लबाड, भित्रे आणि निर्दयही आहेत हे तो मान्य करतो, परंतु त्यांना तसे कोणी बनवले असा सवाल तो समोरच्यांना करतो, गावे जाळणारे, धान्य लुटणारे आणि बायका पळवणारे सामुराईच होते. या उद्रेकातून तो स्वतः शेतकऱ्याचा मुलगा असल्याचे उघड होते. काम्बेईच्या डोळ्यांत पाणी येते. दोन्ही बाजूंचे आरोप खरे ठेवून, कोणालाही निर्दोष न ठरवता, पटकथा येथून पुढे जाते.

सुगी आटोपताच लढाईला तोंड फुटते. दरोडेखोरांच्या तळावर अचानक छापा घालून तो पेटवून दिला जातो. तेथे रिकिचीची पळवून नेलेली पत्नी त्याला पाहून पुन्हा ज्वाळांत शिरते आणि त्याला आवरताना हेइहाची गोळी लागून मरतो. पुढील हल्ल्यांत गिरणी जळते. वाचलेले तान्हे मूल हातात घेऊन किकुचियो ओढ्यातच कोसळतो, कारण त्याचेही असेच झालेले असते. अखेरच्या सकाळी मुसळधार पावसात उरलेल्या तेरा दरोडेखोरांना गावात घेऊन संपवले जाते. क्युझो व किकुचियो या झुंजीत पडतात. किकुचियो मरता मरता टोळीच्या म्होरक्याला ठार करतो.

शेवटच्या दृश्यात गावकरी गाणी गात भातलावणी करत आहेत. शिनो कात्सुशिरोच्या जवळून त्याच्याशी न बोलता निघून जाते. टेकडीवर चार थडगी आहेत. विजय आपला नसून शेतकऱ्यांचा आहे असे काम्बेई शिचिरोजीला सांगतो.

लढाईची आखणी

युद्धपट म्हणून या चित्रपटाचे वैशिष्ट्य म्हणजे प्रेक्षकाला रणभूमी आधी पूर्णपणे समजावून दिली जाते. काम्बेई नकाशा घेऊन गावाभोवती फिरतो आणि प्रत्येक बाजूचा विचार करतो. पश्चिमेकडे अडसर उभारला जातो, दक्षिणेकडील शेते कापणीनंतर पाण्याने भरून खंदकासारखी केली जातात, पूर्वेकडील पूल काढून टाकला जातो. उत्तरेकडील जंगलाची वाट मात्र मुद्दाम मोकळी ठेवली जाते. शत्रूला एका ठिकाणी ओढायचे, एक किंवा दोन स्वार आत येऊ द्यायचे आणि त्यांच्यामागे भाल्यांची भिंत उभी करायची, ही त्यामागील युक्ती होय. घोड्यांचे बळ वेगात आणि संख्येत असते. ही योजना दोन्ही हिरावून घेते.

या योजनेची किंमतही दाखवली आहे. ओढ्यापलीकडील तीन घरे आणि गिरणी वाचवता येत नाहीत. त्या घरांचे मालक भाले टाकून निघू लागतात, तेव्हा शांत स्वभावाचा काम्बेई तलवार उपसून त्यांना रांगेत परत आणतो. बहुतांसाठी थोड्यांचे नुकसान पत्करण्याचा हा निर्णय पटकथा सोपा करून सांगत नाही. गिसाकु आपली गिरणी सोडत नाही व तेथेच मरतो.

काम्बेईने शत्रूची संख्या मोजण्यासाठी कागदावर वर्तुळे काढलेली असतात आणि प्रत्येक मृत्यूनंतर एक वर्तुळ खोडले जाते. हेइहाचीने तयार केलेल्या निशाणावर सहा वर्तुळे सहा सामुराईंची, एक त्रिकोण किकुचियोचा आणि त्याखाली शेतकऱ्यांसाठी एक अक्षर असते. त्याच्या मृत्यूनंतर किकुचियो तेच निशाण छपरावर रोवतो.

शिस्तीचा प्रश्नही येथे ठळक आहे. क्युझो रात्री एकटा जाऊन एक बंदूक हस्तगत करून येतो व कात्सुशिरो त्याच्या गुणगानात रंगतो. ईर्षेने किकुचियोही आपली जागा सोडून दुसरी बंदूक घेऊन येतो. काम्बेई त्याचे कौतुक न करता कानउघाडणी करतो, कारण मोकळ्या राहिलेल्या जागेवर त्याच वेळी हल्ला होतो. त्या हल्ल्यात योहेई हा शेतकरी आणि गोरोबेई प्राणास मुकतात. एकट्याच्या पराक्रमावर उभ्या असलेल्या साहसपटांत हा विचार क्वचितच इतक्या कठोरपणे येतो.

मरण पावलेले चारही सामुराई बंदुकीच्या गोळीने मरतात, तलवारीने एकही नाही. चित्रपटात सर्वश्रेष्ठ ठरवलेला तलवारबहाद्दर क्युझो हा दडून बसलेल्या माणसाच्या गोळीला बळी पडतो. एका युगाचा अस्त कुरोसावा यांनी संवादांत न सांगता असा दाखवला आहे.

पटकथा आणि निर्मिती

पटकथा कुरोसावा, शिनोबु हाशिमोतो आणि हिदेओ ओगुनी यांनी एकत्र लिहिली. आरंभीची कल्पना एका सामुराईच्या आयुष्यातील एकच दिवस दाखवण्याची होती. ती सोडल्यानंतर अनेक प्रसिद्ध तलवारबहाद्दरांच्या कथा गुंफण्याचा विचार झाला, तोही मागे पडला. शेतकऱ्यांनी संरक्षणासाठी सामुराई ठेवल्याची हकीकत हाती लागल्यावर विषय निश्चित झाला. काम्बेईने भिक्षूच्या वेषात मूल सोडवण्याचा प्रसंग कामिइझुमी नोबुत्सुना या सोळाव्या शतकातील तलवारपटूच्या आख्यायिकेवर आधारित आहे, तर क्युझोच्या पात्रामागे मियामोतो मुसाशीची प्रतिमा असल्याचे सांगितले जाते. किकुचियो मूळ आराखड्यात नव्हता. सहा धीरगंभीर सामुराईंमुळे कथा रुक्ष होईल असे वाटल्याने हे पात्र नंतर आले आणि तोशिरो मिफुने यांना ते देण्यात आले. आधी मिफुने क्युझोची भूमिका करणार होते. ती सेइजी मियागुची यांच्याकडे गेली.

कुरोसावा यांनी प्रत्येक सामुराईची सविस्तर टिपणे केली होती. गावकऱ्यांचीही कुटुंबवार नोंदवही तयार करण्यात आली आणि चित्रीकरणाच्या काळात नटांनी त्या त्या कुटुंबाप्रमाणे वागावे अशी अपेक्षा होती. गर्दीच्या दृश्यांतही प्रत्येक चेहरा कोणाचा तरी शेजारी वाटतो, त्याचे श्रेय या पद्धतीला द्यावे लागेल.

तोहोने स्टुडिओतच गाव उभारण्याची सूचना केली होती. कुरोसावा यांनी ती नाकारून इझु द्वीपकल्पात गावाचा देखावा बांधून घेतला. चित्रीकरणाचे १४८ दिवस सुमारे एका वर्षाच्या काळात विखुरले गेले. खर्च अंदाजपत्रकाच्या कितीतरी पुढे गेला आणि तोवरच्या जपानी चित्रपटांत हा सर्वांत महागडा ठरला. कंपनीने काम थांबवले तेव्हा कुरोसावा मासेमारीला निघून गेले. इतका पैसा गुंतल्यावर कंपनी चित्रपट अर्धवट टाकणार नाही, याची त्यांना खात्री होती, आणि तसेच झाले.

अखेरची पावसातील लढाई हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीत चित्रित झाली. घोडे, चिखल आणि धावती माणसे यांची तीच हालचाल पुन्हा घडवून आणणे अशक्य असल्याने कुरोसावा यांनी एकाच वेळी अनेक कॅमेरे लावले. पुढे ही त्यांची नित्याची पद्धत झाली. दूरवरून घेतलेल्या टेलिफोटो दृश्यांमुळे माणसे आणि घोडे एकमेकांवर आदळत असल्याचा भास होतो. मंदगतीचा वापर मोजकाच, मुख्यतः कोसळणाऱ्या देहासाठी, केलेला आहे. पुढील साहसपटांत या तंत्राचा अतिरेक झाला. येथे ते क्षणभर येते आणि निघून जाते. छायाचित्रण असाकाझु नाकाई यांचे आहे. संगीतकार फुमिओ हायासाका यांनी काम्बेई, शेतकरी व किकुचियो यांच्यासाठी वेगवेगळ्या धून योजल्या. त्यांचे १९५५मध्ये क्षयाने निधन झाले.

भूमिका

काम्बेईची भूमिका ताकाशी शिमुरा यांनी केली. कुरोसावा यांच्याच इकिरू (१९५२) या चित्रपटात मरणासन्न कारकून साकारणारे शिमुरा येथे सेनानी झाले आहेत आणि १९५४च्याच गॉडझिला या तोहोच्या चित्रपटात ते शास्त्रज्ञ म्हणून दिसतात. इतर सामुराईंच्या भूमिकांत योशिओ इनाबा (गोरोबेई), दाइसुके कातो (शिचिरोजी), मिनोरू चिआकी (हेइहाची) आणि इसाओ किमुरा (कात्सुशिरो) आहेत. रिकिची योशिओ त्सुचिया यांनी, मान्झो कामातारी फुजिवारा यांनी, शिनो केइको त्सुशिमा यांनी आणि योहेई बोकुझेन हिदारी यांनी साकारला. पुढे मोठे नट झालेले तात्सुया नाकादाई रस्त्यावरून चालत जाणाऱ्या सामुराईच्या रूपात काही सेकंद दिसतात. श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही.

स्वागत

व्हेनिस चित्रपट महोत्सवात १९५४ साली या चित्रपटाला रौप्य सिंह मिळाला. त्याच वर्षी हा पुरस्कार मिळालेल्या इतर चित्रपटांत फेदेरिको फेलिनी यांचा ला स्त्रादा आणि केंजी मिझोगुची यांचा सान्शो द बेलिफ होते. ऑस्करसाठी कला दिग्दर्शन व वेशभूषा या दोन विभागांत त्याला नामांकने होती. जपानमध्ये मियागुची यांना साहाय्यक अभिनेत्याचा माइनिची पुरस्कार मिळाला.

मायदेशी समीक्षकांचे मत एकमुखी नव्हते. किनेमा जुम्पो या नियतकालिकाच्या त्या वर्षीच्या यादीत तो तिसरा आला. पहिले दोन्ही क्रमांक केइसुके किनोशिता यांच्या चित्रपटांना मिळाले. शेतकऱ्यांना दुबळे व कपटी दाखवल्याचा आक्षेप काहींनी घेतला. अमेरिकी ताबा १९५२मध्ये संपला होता आणि स्वसंरक्षण दलाची स्थापना १९५४मध्येच झाली; त्यामुळे शस्त्र कोणी व कोणासाठी धरावे हा चित्रपटातील प्रश्न तत्कालीन राजकारणाशी जोडूनही वाचला गेला. उपरोक्त चिलखतांचा प्रसंग विचारात घेतला तर शेतकऱ्यांविषयीचा आक्षेप फारसा टिकत नाही.

जपानबाहेर बरीच वर्षे कापलेल्या आवृत्त्याच दाखवल्या गेल्या. तरीही कीर्ती वाढत गेली. साइट अँड साउंड या ब्रिटिश नियतकालिकाच्या १९८२च्या समीक्षक-कौलात तो पहिल्या तिनांत होता. बीबीसीने २०१८मध्ये घेतलेल्या परभाषिक चित्रपटांच्या कौलात त्याला पहिला क्रमांक मिळाला. गमतीची गोष्ट अशी की, त्यात सहभागी झालेल्या जपानी समीक्षकांपैकी कोणीही त्याला मत दिले नव्हते.

प्रभाव

जॉन स्टर्जेस यांनी १९६०मध्ये द मॅग्निफिसंट सेव्हन या नावाने त्याची वेस्टर्न आवृत्ती केली. तीत सामुराईंच्या जागी बंदूकधारी आणि जपानी खेड्याच्या जागी मेक्सिकन खेडे आहे. वर्गभेदाचा मूळ प्रश्न तेथे बराच सौम्य झाला, कारण भाडोत्री बंदूकधारी आणि शेतकरी यांच्यात जन्माधारित भिंत नाही. बॅटल बियाँड द स्टार्स (१९८०) या चित्रपटाने तीच कथा अवकाशात नेली, तर अ बग्ज लाइफ (१९९८) या ॲनिमेशनपटाने मुंग्यांच्या वारुळात. द अ‍ॅव्हेंजर्स (२०१२) यांसारख्या महानायकपटांतील संघबांधणीचा पूर्वार्धही याच परंपरेतला मानता येतो. फरक इतकाच की तेथे वाचवले जाणारे लोक सहसा निनावी गर्दी असतात.

हिंदी चित्रपटसृष्टीत ही कथा डाकूपटांच्या वाटेने रुजली. नरेंद्र बेदी यांचा खोटे सिक्के (१९७४) आणि रमेश सिप्पी यांचा शोले (१९७५) यांत गावाच्या रक्षणासाठी बाहेरची माणसे आणण्याची कल्पना आहे. शोलेत मात्र गाव स्वतः सामुराई शोधत नाही. ठाकूर आपल्या वैयक्तिक सूडासाठी दोघा गुन्हेगारांना आणतो आणि गावकरी प्रामुख्याने प्रेक्षकाच्या भूमिकेत राहतात. राजकुमार संतोषी यांचा चायना गेट (१९९८) मूळ कथेच्या अधिक जवळ जातो. त्यात लष्करातून बडतर्फ झालेले वयस्क सैनिक जगीरा या डाकूच्या टोळीपासून गाव वाचवतात. सामुराईंच्या धनीविहीन अवस्थेला बडतर्फीची जोड देण्याची ती कल्पना समर्पक होती. ओम पुरी, अमरीश पुरी आणि नसीरुद्दीन शाह यांच्या त्यात भूमिका होत्या.

जतन

तोहोने २०१६मध्ये चित्रपटाची फोर-के दर्जाची पुनर्स्थापित आवृत्ती आणली. प्रदर्शनाला ७० वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त २०२४मध्ये कान महोत्सवाच्या अभिजात चित्रपट विभागात तो पुन्हा दाखवण्यात आला. प्रथमच पाहणाऱ्याने मध्यंतरासह असलेली २०७ मिनिटांची आवृत्तीच निवडणे इष्ट. लहान आवृत्त्यांत मुख्यतः गावकऱ्यांची दृश्ये कापली गेल्याने लढाई उरते, पण ती कोणासाठी आहे हे धूसर होते.